पावसाचा हिशेब, नुकसानीचे गणित : चारठाणा मंडळावरून समजून घ्यायचे विदाशास्त्र

जिंतूर, जि. परभणी : जिंतूरहून जालन्याकडे जाणाऱ्या मार्गावरील चारठाणा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते यादवकालीन मंदिरे, बारव आणि उंच दगडी स्तंभ यांमुळे. शासनदरबारी मात्र या गावाची आणखी एक ओळख आहे. जिंतूर तालुक्यातील एका महसूल मंडळाचे ते मुख्य ठिकाण आहे. अतिवृष्टीची मदत असो, दुष्काळाची पाहणी असो की पीक विम्याची भरपाई, मंडळातील शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार हे 'चारठाणा' या नावापुढे नोंदल्या जाणाऱ्या आकड्यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. हे आकडे कोठून येतात, त्यांवर कोणत्या प्रक्रिया होतात आणि त्यांत चूक कोठे शिरू शकते, याचा अभ्यास हे आज अभियांत्रिकी, संगणकशास्त्र आणि विदा विश्लेषण या तिन्ही शाखांचे मोठे उपयोजित क्षेत्र बनले आहे.

मंडळ हे एकक

महसूल प्रशासनाच्या रचनेत जिल्हा, तालुका, मंडळ आणि सजा असे टप्पे आहेत. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके असून प्रत्येक तालुक्याची विभागणी मंडळांत झालेली आहे. पूर्वी पावसाची नोंद प्रामुख्याने तालुक्याच्या ठिकाणी होत असे. तहसील कार्यालयाच्या आवारातील पर्जन्यमापकातले पाणी रोज सकाळी मोजपात्राने मोजून नोंदवहीत लिहिले जाई. जिंतूर तालुक्याच्या एका भागात डोंगर, दुसऱ्या भागात काळ्या जमिनीचे सपाट रान. तालुक्याला एकच आकडा लावला, तर कोरडे राहिलेले गाव आणि वाहून गेलेले गाव एकाच सरासरीत बुडून जात. मोजणी मंडळापर्यंत खाली आणण्याची गरज त्यातून निर्माण झाली.

या दिशेने मोठे पाऊल पडले ते 'महावेध' प्रकल्पामुळे. राज्य शासन आणि स्कायमेट ही खासगी हवामान संस्था यांच्या भागीदारीतील या प्रकल्पाचा प्रारंभ एप्रिल २०१७ मध्ये नागपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे झाला. राज्यातील दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्याची ही योजना होती. साधारणपणे १२ किलोमीटर लांब आणि १२ किलोमीटर रुंद एवढ्या क्षेत्रास एक केंद्र, हे तिचे सूत्र. पाऊस, तापमान, सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद दर दहा मिनिटांनी घेऊन ती मध्यवर्ती संगणकाकडे पाठवायची, अशी व्यवस्था त्यात करण्यात आली.

तीन चमचे पाणी

स्वयंचलित पर्जन्यमापकाचे तत्त्व सोपे आहे. गोल तोंडाच्या नरसाळ्यातून पावसाचे पाणी खाली येते. तेथे तराजूसारख्या दांडीवर दोन छोटी भांडी बसविलेली असतात. एक भांडे ठरावीक मापाइतके भरले की दांडी झुकते, पाणी ओतले जाते आणि दुसरे भांडे नरसाळ्याखाली येते. प्रत्येक झुकावाबरोबर चुंबकीय कळ दाबली जाऊन एक विद्युत संकेत उमटतो. संकेत मोजणारे उपकरण, सौर पॅनेलवर भरणारी बॅटरी आणि मोबाइल जाळ्यातून माहिती पाठविणारी यंत्रणा, एवढ्या साधनांवर केंद्राचे काम चालते.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, आणि एका हेक्टरवर १० हजार लिटर. मापकाचे तोंड २० सेंटिमीटर व्यासाचे आणि भांड्याचे माप अर्ध्या मिलिमीटरचे धरले, तर एका झुकावाला सुमारे १६ मिलिलिटर पाणी लागते. घरातल्या चहाच्या चमच्याने मोजले तर तीन चमचे! अशा यंत्रात ६५ मिलिमीटर पावसाची नोंद होण्यासाठी दांडी १३० वेळा झुकावी लागते. १२९ वेळा झुकली तर नोंद होते ६४.५ मिलिमीटर.

हा फरक क्षुल्लक वाटेल, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तो तसा नाही. २४ तासांत ६५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस झाला तर मंडळात अतिवृष्टी झाली असे मानण्याचा राज्यातील निकष आहे. तो पूर्ण झाला म्हणजे मंडळातील गावांत पंचनाम्यांचा मार्ग मोकळा होतो आणि ३३ टक्के वा त्याहून अधिक पीक नुकसान आढळल्यास मदत देय ठरते. साडेसहा लाख लिटर पाणी हेक्टरभर रानात उतरले की नाही, याचा निवाडा अखेरच्या तीन चमच्यांवर येऊन ठेपतो.

अभियंत्यांचे काम येथे सुरू होते. मुसळधार पावसात दांडी झुकत असतानाच पाणी येत राहते आणि त्यातील काही अंश मोजला जात नाही. पावसाचा वेग वाढेल तशी ही तूट वाढते. जोराच्या वाऱ्यात थेंब मापकाच्या तोंडावरून वाहून जातात. नरसाळ्यात पालापाचोळा, धूळ किंवा कोळ्याचे जाळे अडकले तर पाणी थेंबथेंब उशिरा पोहोचते आणि आजचा पाऊस उद्याच्या खात्यात जमा होतो. शेजारच्या झाडाची किंवा इमारतीची उंची जेवढी असेल, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक असावा हा हवामानशास्त्राचा दंडक आहे. तो मोडला तर उत्तम यंत्रही चुकीचा आकडा देते. म्हणून वर्षातून ठरावीक वेळा ज्ञात मापाचे पाणी ओतून यंत्राची पारख करणे, जागेची पाहणी करणे आणि वेगाप्रमाणे दुरुस्तीचे गुणांक लावणे, ही कामे यंत्र बसविण्याइतकीच महत्त्वाची आहेत.

खंड मोजण्याचा प्रश्न

अतिवृष्टीइतकाच पावसाचा खंडही निर्णायक असतो. भारतीय हवामान खात्याच्या व्याख्येनुसार २४ तासांत किमान अडीच मिलिमीटर पाऊस झाला तरच तो दिवस पावसाचा दिवस गणला जातो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याचे महत्त्व मराठवाड्याने अनुभवले. देशात १९०१ पासून झालेल्या नोंदींत तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. फुलोऱ्यात व शेंगा धरण्याच्या अवस्थेत असलेले सोयाबीन माना टाकू लागले. ज्या मंडळांत २१ दिवसांहून अधिक खंड पडला, तेथे विम्याच्या भरपाईपोटी २५ टक्के अग्रिम रक्कम देण्याचा विषय त्या वेळी राज्यभर गाजला.

अशा वेळी मापकावर पडलेली एखादी सर खंड मोडते. जमिनीत बोटभरही ओल न जाणाऱ्या तीन मिलिमीटर पावसाने पीक वाचत नाही, पण कागदावर दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ती सर मंडळाच्या दहा-बारा गावांपैकी केवळ एकाच शिवारात पडलेली असली तरी परिणाम सर्वांना भोगावा लागतो. याच्या उलट, रोज थोडा थोडा पण सतत पडणारा पाऊस ६५ मिलिमीटरचा उंबरठा कधीच ओलांडत नाही, मात्र मुळे कुजवून पीक संपवितो. ही उणीव लक्षात घेऊन राज्य शासनाने २०२३ मध्ये 'सततचा पाऊस' ही स्वतंत्र आपत्ती मान्य केली. सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस, तोही मागील वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिलेला, आणि त्यानंतर उपग्रहाच्या साहाय्याने पिकाच्या स्थितीची खातरजमा, असे तिचे स्वरूप ठेवण्यात आले. एका दिवसाच्या एका आकड्याऐवजी आकड्यांच्या मालिकेचा विचार करणारा हा निकष विदा विश्लेषणाच्या पद्धतीला अधिक जवळचा आहे.

एका बिंदूवरून क्षेत्राकडे

महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर. महावेधच्या सूत्राने विचार केला तर एका मापकाच्या वाट्याला सरासरी १५० चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र येते. २० सेंटिमीटर तोंडाचा मापक आपल्या तोंडाच्या जवळजवळ पावणेपाचशे कोटी पट क्षेत्राचे प्रतिनिधित्व करतो, असा याचा अर्थ. जून-जुलैतील दूरवर पसरलेल्या मोसमी पावसात हे प्रतिनिधित्व बरेचसे चालून जाते. परतीच्या वादळी पावसात मात्र ढग काही किलोमीटरच्या पट्ट्यातच कोसळतो आणि 'बैलाचे एक शिंग भिजले, दुसरे कोरडे' अशी गत होते.

या अडचणीवर संख्याशास्त्रात काही उपाय आहेत. सर्वांत साधी रीत म्हणजे प्रत्येक गावाला त्याच्या जवळच्या मापकाचा आकडा लावणे, मग तो मापक शेजारच्या मंडळातील का असेना. मंडळाच्या सीमेवरील गावाला आपल्या मुख्य ठिकाणापेक्षा परमंडळाचे केंद्र जवळ असणे नवलाचे नाही. त्याहून पुढची रीत म्हणजे भोवतालच्या अनेक केंद्रांचे आकडे अंतरानुसार कमी-अधिक वजन देऊन एकत्र करणे. रडार आणि उपग्रहांची निरीक्षणे जमिनीवरील मापकांशी जुळवून पावसाचा सलग नकाशा काढणे ही तिसरी आणि अधिक गुंतागुंतीची रीत. यांपैकी कोणत्याही रीतीने मूळ मापनाची जागा घेता येत नाही. मापक विरळ असतील तर नकाशा कितीही रंगीत असला तरी तो अंदाजच राहतो. हे ओळखून केंद्र शासनाने 'विंड्स' या योजनेत तालुका स्तरावर स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायत स्तरावर स्वयंचलित पर्जन्यमापक असे घनदाट जाळे उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले.

उंबरठा उत्पादनाचा हिशेब

पावसाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा म्हणजे पिकाचे उत्पादन. २०१६ च्या खरिपापासून लागू झालेली प्रधानमंत्री पीक विमा योजना क्षेत्र पद्धतीवर चालते. एकेका शेतकऱ्याचे उत्पादन न मोजता मंडळाचे सरासरी उत्पादन काढले जाते आणि ते उंबरठा उत्पादनापेक्षा जेवढे कमी भरेल, तेवढ्या प्रमाणात सर्व विमाधारकांना भरपाई मिळते. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने गुणले की उंबरठा उत्पादन मिळते.

उदाहरणादाखल एका काल्पनिक मंडळाचा हिशेब पाहता येईल. सोयाबीनचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पादन १५००, १२००, ६००, १४००, ८००, १३०० आणि ११०० किलो आहे असे समजू. ६०० आणि ८०० ही दोन वाईट वर्षे वगळली की उरलेल्या पाचांची सरासरी १३०० किलो येते. जोखीमस्तर ७० टक्के असल्यास उंबरठा ९१० किलोचा ठरतो. यंदा मंडळाची सरासरी ४५५ किलो आली, तर तूट ५० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार रुपये मानली तर भरपाई २५ हजार रुपये होईल. यंदा ९१५ किलो आले, तर मात्र भरपाई शून्य, मग एखाद्या शेतकऱ्याच्या रानात काहीही पिकलेले नसो.

मंडळाची सरासरी ठरते ती पीक कापणी प्रयोगांतून. मंडळात यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या मोजक्या शेतांत ठरलेल्या मापाचा चौकोन आखून त्यातील पीक कापले, मळले व तोलले जाते. एका पिकासाठी मंडळात असे प्रयोग जेमतेम दहा-बारा. शेतांची निवड खरोखर यादृच्छिक असेल तरच एवढ्या छोट्या नमुन्यावरून हजारो हेक्टरांचा अंदाज विश्वासार्ह ठरतो. निवड झालेले शेत बदलले, चौकोन हिरव्यागार कोपऱ्यात आखला किंवा ओल्या शेंगांचे वजन वाळलेल्या दाण्यासारखे धरले, तर अख्ख्या मंडळाचा हिशेब बिघडतो. म्हणूनच प्रयोगाच्या वेळी अक्षांश-रेखांश व छायाचित्रे मोबाइल अॅपवर नोंदविण्याची पद्धत आली. २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयातील विमा बंद करून योजनेत फेरबदल केले, तेव्हा भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या निष्कर्षांवर ठेवण्यात आली. त्यामुळे या दहा-बारा चौकोनांचे मोल आणखी वाढले.

आकाशातून अंदाज

पीक कापणीला पूरक म्हणून उपग्रहांच्या आधारे उत्पादनाचा अंदाज काढण्याची 'यस-टेक' ही पद्धत केंद्राने २०२३ मध्ये आणली. आरंभी भात व गहू या पिकांसाठी तांत्रिक अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याचे ठरले आणि पुढे सोयाबीनचाही त्यात समावेश झाला.

या पद्धतीचा पाया वनस्पतीच्या पानात आहे. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. उपग्रह या दोन्ही प्रकाशांची तीव्रता मोजतो. त्यांच्यातील वजाबाकीला बेरजेने भागले की हिरवेपणाचा निर्देशांक, म्हणजे 'एनडीव्हीआय', मिळतो. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह १० मीटर बाजूच्या चौकोनापर्यंतचा तपशील टिपतात. पावसाळ्यात ढगांमुळे हे डोळे वरचेवर मिटतात, तेव्हा ढगांतून आरपार पाहणाऱ्या रडार उपग्रहांची मदत घ्यावी लागते. कोणत्या रानात सोयाबीन व कोणत्या रानात कापूस हे आधी ओळखायचे, हंगामभराचा हिरवेपणाचा आलेख काढायचा, त्यात पाऊस, तापमान व जमिनीची माहिती मिसळायची आणि मागील वर्षांच्या पीक कापणीच्या आकड्यांवर प्रशिक्षित केलेल्या संगणकीय प्रतिमानाकडून उत्पादन वदवून घ्यायचे, असा हा क्रम आहे.

यातील मर्यादा मराठवाड्याच्या शेतकऱ्याला सहज उमगेल. उपग्रहाला दिसते ते पान, दाणा दिसत नाही. काढणीच्या तोंडावर पाऊस झाला आणि शेंगांना कोंब फुटले, तर हंगामभराचा आलेख उत्तमच दिसत राहतो. बांधावरची झाडे, तुरीचे आंतरपीक आणि लहान तुकड्यांची शेती यांमुळे एकाच चौकोनात अनेक रंग मिसळतात. शिवाय प्रतिमानाचे शिक्षण ज्या जुन्या आकड्यांवर झाले, तेच सदोष असतील तर चूक नव्या यंत्रातही वारसाहक्काने उतरते.

वरील काल्पनिक मंडळात उपग्रहाच्या पद्धतीने ७०० किलोचा अंदाज दिला असे समजू. त्याला ३० टक्के आणि कापणी प्रयोगाच्या ४५५ किलोला ७० टक्के वजन दिले की एकत्रित उत्पादन ५२८.५ किलो होते. तूट ५० वरून सुमारे ४२ टक्क्यांवर येते आणि भरपाई २५ हजारांऐवजी २१ हजार रुपयांच्या आत जाते. एका गुणांकाने हेक्टरी चार हजार रुपयांचा फरक पडतो. तांत्रिक अंदाज कमी आला तर हाच गुणांक शेतकऱ्याच्या बाजूने झुकतो. त्यामुळे वजन किती द्यावे हा निर्णय निव्वळ तांत्रिक राहत नाही, तो धोरणाचा विषय होतो.

परभणी आणि पवई

या क्षेत्रातील संशोधनाला चारठाण्याच्या परिसरात संस्थात्मक आधार आहे. १९७२ मध्ये परभणीत स्थापन झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ हवामान अंदाजावर आधारित कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी प्रसिद्ध करीत आले आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, हा विद्यापीठाचा सल्ला मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. मंडळाचा पाऊस रोज उपलब्ध होऊ लागल्याने हा सल्ला आपापल्या भागाला लावून पाहणे शक्य झाले. जागतिक बँक व भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या साहाय्याने विद्यापीठात यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांच्या आधारे डिजिटल शेतीचे प्रशिक्षण व संशोधन देणारा प्रकल्पही राबविण्यात आला.

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी विकसित केलेले पाण्याच्या ताळेबंदाचे साधन हे उपयोजित संशोधनाचे दुसरे ठळक उदाहरण होय. परभणीसह मराठवाड्यातील सर्व जिल्हे या प्रकल्पात होते. पडलेल्या पावसातून किती पाणी वाहून गेले, किती जमिनीत मुरले, किती ओल मातीत राहिली आणि पिकाला किती कमी पडले, याचा दैनंदिन हिशेब हे साधन मांडते. त्यासाठी मंडळाचा पाऊस, मातीचा पोत व खोली, उतार आणि पिकांचा वापर होतो. काळ्या खोल जमिनीत आणि डोंगराकडच्या मुरमाड जमिनीत तेवढाच पाऊस निराळे फळ देतो, ही शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट यात समीकरणात बसविली गेली. खंड दिवसांत मोजण्याऐवजी मातीतील ओलीत मोजता येतो, हे या पद्धतीतून स्पष्ट होते.

पारदर्शकतेची कसोटी

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यात खरिपाची अपरिमित हानी केली आणि राज्य शासनाला ३१ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेची मदत जाहीर करावी लागली. आपत्ती एवढी मोठी असते तेव्हा निकष शिथिल करण्याची मागणी होते. मात्र दरवर्षीच्या लहान-मोठ्या नुकसानीत निर्णय आकड्यांवरच होतो. म्हणून ते आकडे ज्यांच्याविषयी आहेत त्यांना ते पाहता, समजून घेता आणि तपासता येणे आवश्यक ठरते.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी फार नाहीत. मंडळाच्या मापकाची अखेरची पारख कधी झाली, तो किती तास बंद होता आणि बंद काळातील आकडा कोणत्या रीतीने भरला, ही माहिती पावसाच्या आकड्यासोबतच ग्रामपंचायतीच्या फलकावर लागू शकते. पीक कापणी प्रयोगाची तारीख व शेत आधी जाहीर करून प्रयोग गावकऱ्यांसमक्ष करता येतो. उपग्रहाच्या अंदाजासोबत त्यातील संभाव्य चुकीची मर्यादा प्रसिद्ध करता येते. 'उत्पादन ७०० किलो' असे म्हणण्यापेक्षा 'सहाशे ते आठशेच्या दरम्यान' असे सांगणे संशोधकाला अधिक शोभते, आणि भरपाईचा निर्णय घेणाऱ्याला त्यातील जोखीम कोणाच्या माथी जाते याचा विचार करावा लागतो.

शेतकऱ्याच्या हातीही काही आहे. पीक पाहणीची नोंद वेळेवर करणे, नुकसानीची तारखेसह छायाचित्रे ठेवणे, गावाचा पाऊस साध्या मापकाने रोज मोजून वहीत लिहिणे, या नोंदींना कायद्याने मंडळाच्या आकड्याची जागा मिळत नसली तरी तक्रारीला त्या बळ देतात. शाळांच्या आवारात असे मापक बसवून विद्यार्थ्यांकडून नोंदी ठेवून घेतल्या, तर पाच-दहा वर्षांत मंडळातील गावागावांमधील फरकाचा असा दस्तऐवज तयार होईल, जो आज कोणत्याही संगणकात नाही. शेजारच्या गावात ढग फुटला असताना चारठाण्याच्या मापकाची दांडी झुकली नाही, तर ते यंत्र खोटे बोलत नसते, पण त्याने सांगितलेले सत्य तेवढ्या जागेपुरतेच असते. मंडळाच्या उरलेल्या शिवाराचे सत्य शोधण्याची जबाबदारी माणसांवरच राहते.